आधी टंचाईचा दिवस लिहून काढा

प्रश्न विचारणारे गडहिंग्लजचे आहेत, शिवाजी विद्यापीठात अर्थशास्त्रात एम.ए. करतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: "युरोपातल्या शेजारी देशांनी मिळून नैसर्गिक वायूचा एक बाजार उभा केला. भारत, बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंका यांचा तसा का होत नाही? सीमेपलीकडे पाइपलाइन टाकली की बाजार आपोआप उभा राहील असं मला वाटतं. आणि मोठा देश लहानांवर दादागिरी करणार नाही याची खात्री कोण देणार?"

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटलं, म्हणून तिथूनच सुरुवात करते. मी २८ वर्षं गॅसच्या वाहतुकीत काढली. सुरुवातीला कंट्रोल रूममध्ये रात्रपाळ्या केल्या, नंतर वाहतुकीचे करार लिहिले, मधली चार वर्षं युरोपातल्या एका सल्लागार कंपनीत होते. आता कोल्हापुरात राजारामपुरीत राहते आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीवाल्यांना त्यांचे गॅस करार समजावून देते. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मनात पक्की बसली आहे. गॅस मुबलक असतो तेव्हा कुठलाही करार चालतो. परीक्षा होते ती टंचाईच्या दिवशी. माझ्या घरी गॅस कमी आहे, शेजाऱ्याच्या घरीही कमी आहे आणि व्हॉल्व्ह माझ्या हातात आहे. मी तो बंद करीन का? किती बंद करीन? कुणाला विचारून? दोन देशांनी याची उत्तरं सुखाच्या दिवसांत लिहून, सह्या करून ठेवली असतील, तरच मी त्याला सामायिक बाजार म्हणते.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आमची शेती दूधगंगेकाठी, एका उपसा संस्थेच्या टेलला, म्हणजे पाणी सगळ्यात शेवटी पोचतं त्या टोकाला. जानेवारीपर्यंत पाळीपत्रक अगदी शिस्तीत चालायचं. एप्रिल उजाडला, नदी खाली गेली की हेडकडच्यांचा ऊस आधी भिजायचा आणि आमच्या पाटात ओल तेवढी यायची. पाइप तोच, मोटर तीच, पाणीपट्टीही सगळ्यांना सारखी. पाणी कमी पडलं तर प्रत्येकाची पाळी किती तासांनी कापायची, हे मात्र पत्रकात कुठे लिहिलेलं नव्हतं. माझ्या वडिलांनी शेवटी स्वतःची विहीर पाडली आणि गंमत म्हणजे त्यानंतर संस्थेतही त्यांच्या शब्दाला वजन आलं. ही विहीर लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

आता पाइपलाइन टाकली की बाजार होतो का, ते पाहू. दक्षिण अमेरिकेत अर्जेंटिनाकडे भरपूर गॅस होता, शेजारच्या चिलीकडे फारच थोडा. १९९५ मध्ये दोन्ही सरकारांनी करार केला, १९९७ मध्ये अँडीज पर्वत ओलांडून पहिली मोठी पाइपलाइन सांतियागोकडे आली, आणि मागोमाग उत्तरेला, दक्षिणेला आणखी पडल्या. चिलीने त्या भरवशावर वीजकेंद्रं बांधली. मग २००२ च्या सुरुवातीला अर्जेंटिनाचा पेसो कोसळला. लोकांना झळ बसू नये म्हणून तिथल्या सरकारने गॅसचे दर पेसोतच गोठवले. स्वस्त गॅसची मागणी वाढत गेली, त्या दरात नव्या विहिरी खोदायला कुणी पैसा घालेना, आणि २००४ मध्ये गॅस कमी पडायला लागल्यावर सरकारने आधी घरचे ग्राहक, मग निर्यात, असा आदेश काढला. २००७ पर्यंत चिलीकडे जाणारा पुरवठा जवळजवळ आटला. वीजकेंद्रांना डिझेल जाळावं लागलं. शेवटी चिलीने समुद्रमार्गे द्रवरूप गॅस, म्हणजे एलएनजी, आणण्यासाठी २००९ मध्ये किंतेरोला आणि २०१० मध्ये मेहियोनेसला टर्मिनल उभारलं.

या गोष्टीत खलनायक शोधत बसू नका. अर्जेंटिनाच्या जागी दुसरं कुठलंही सरकार असतं तरी आपल्या मतदाराची शेगडी विझवून शेजाऱ्याचा करार पाळला नसता. चूक आधीची होती. एका देशाने घरातले दर गोठवले की सामायिक बाजार तिथेच मोडतो, हे करार लिहिताना कुणी जमेस धरलं नव्हतं. सीमेवरचा दर ठरवला, सीमेच्या आतला दर मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडला. आणि पुढचा भाग मला फार बोलका वाटतो: २०१६ च्या हिवाळ्यात त्याच पाइपलाइनींमधून गॅस उलटा वाहिला. चिलीने समुद्रातून आणलेला गॅस अर्जेंटिनाला विकला. स्वतःची विहीर पाडलेला शेतकरी हेडकडच्याला पाणी देतो, तसंच झालं. २०१८ पासून अर्जेंटिनाची निर्यात पुन्हा सुरू झाली, पण आता चिली हात पसरून उभा नव्हता.

युरोपची गोष्ट सगळे यशाची म्हणून सांगतात. तिची सुरुवात मात्र अपयशातूनच आहे. जानेवारी २००९ मध्ये रशिया आणि युक्रेन यांच्या भांडणात युक्रेनमार्गे येणारा गॅस सुमारे दोन आठवडे बंद राहिला. ऐन थंडीत बल्गेरिया आणि स्लोवाकिया गारठले. त्याच वेळी पश्चिम युरोपात साठवणुकीत गॅस होता! तो पूर्वेकडे का गेला नाही? कारण कंप्रेसर स्टेशनं पूर्वेकडून पश्चिमेकडे ढकलण्यासाठीच बांधलेली होती. पाइपला दिशा नसते, पण कंप्रेसरच्या जोडणीला असते, मीटरला असते आणि करारालाही असते. मग २०१० मध्ये नियम झाला: सीमेवरच्या जोडण्या दोन्ही दिशांना चालल्या पाहिजेत, आणि प्रत्येक देशाने एक हिशोब दाखवला पाहिजे. आपला सगळ्यात मोठा एकच स्रोत बंद पडला, आणि त्याच दिवशी २० वर्षांतून एकदा पडते तशी थंडी असली, तरी उरलेल्या मार्गांनी त्या दिवसाची गरज भागते का? आमच्या धंद्यात याला 'एन वजा एक' म्हणतात. कुठल्याही देशाच्या गॅस व्यवस्थेबद्दल मला एकच प्रश्न विचारायची मुभा असेल, तर मी हाच विचारीन.

२०१७ मध्ये त्यापुढचं पाऊल पडलं, आणि तुमच्या दादागिरीच्या प्रश्नाचं सगळ्यात स्पष्ट उत्तर मला तिथेच दिसतं. नियम असा की एखाद्या देशात आणीबाणी आली, घरं आणि दवाखाने यांनाही पुरेल इतका गॅस उरला नाही, तर शेजारी देशाने स्वतःच्या कारखान्यांचा गॅस कापून तो शेजाऱ्याच्या घरांना आणि दवाखान्यांना द्यायचा. फुकट नाही, वाजवी मोबदला घेऊन. म्हणजे माझ्या कारखान्याच्या भट्टीआधी शेजाऱ्याची चूल. हे कागदावर मान्य करायला प्रचंड राजकीय हिंमत लागते. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या टेलच्या पाटाची आठवण झाली, आणि खरं सांगते, डोळे पाणावले.

लहान देशांचं काय होतं हे समजून घ्यायला बाल्टिक किनाऱ्यासारखी दुसरी जागा नाही. एस्टोनिया, लातविया, लिथुआनिया आणि फिनलंड हे चारही देश पूर्वी रशियाच्या गॅसवरच अवलंबून होते. पुरवठादार एक, मार्गही त्याच्याच दिशेने आलेले. लिथुआनियाने क्लायपेडा बंदरात एक तरंगतं एलएनजी टर्मिनल आणलं, म्हणजे द्रवरूप गॅसचा पुन्हा वायू करणारं जहाजच. त्याचं नाव त्यांनी 'इंडिपेंडन्स' ठेवलं. ते २०१४ च्या शेवटी सुरू झालं. पण जुन्या पुरवठादाराने दरात भरीव सवलत त्याच वर्षी, जहाज बंदरात लागायच्या आधी दिली. विहीर खोदायला लागल्याबरोबर हेडकडच्याची भाषा बदलली.

मग १ जानेवारी २०२० ला फिनलंड आणि एस्टोनिया यांच्यात समुद्राखालून पाइपलाइन सुरू झाली. तिचा बराचसा खर्च युरोपियन युनियनने उचलला. त्याच दिवशी फिनलंड, एस्टोनिया आणि लातविया यांनी आपसांतल्या सीमांवरचा वाहतूक आकार शून्य केला आणि बाहेरून आत येताना लागणारा आकार तिघांनी एकसारखा ठेवला. आतल्या सीमांवर ज्या वाहतूक कंपनीचं उत्पन्न बुडलं, तिला इतरांनी भरपाई द्यायची असा हिशोब आखला. लातवियात इन्चुकाल्न्सला जमिनीखाली गॅसची मोठी साठवणूक आहे, ती सगळ्यांच्या हिवाळ्याची कणगी झाली. लिथुआनिया मात्र या एकत्रित दरक्षेत्रात आला नाही. अडलं ते मुख्यतः भरपाईवर, कुणी कुणाला किती द्यायचं यावर. हे सांगणं मला महत्त्वाचं वाटतं, कारण इतके जवळचे, एकाच युनियनमधले, एकाच भीतीने एकत्र आलेले देशही पैशाच्या या प्रश्नावर थांबतात.

त्या सगळ्याची कसोटी ऑक्टोबर २०२३ मध्ये लागली. समुद्राखालची ती पाइपलाइन एका जहाजाच्या नांगराने फाटली आणि एप्रिल २०२४ पर्यंत बंद राहिली. फिनलंडने अख्खा हिवाळा इंकू बंदरातल्या तरंगत्या टर्मिनलवर काढला, बाकीच्यांनी क्लायपेडा आणि इन्चुकाल्न्सवर. दर हलले, पण कुणाचं घर गार पडलं नाही. 'एन वजा एक'चा हिशोब त्यांनी आधीच केलेला होता.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर पाइपलाइनच्या आधी तीन गोष्टी लागतात: टंचाईत कोण किती कापणार याचा लेखी नियम, प्रत्येकाकडे दुसरा मार्ग, आणि घरातले दर बाजाराशी फार फारकत घेणार नाहीत याचा काहीतरी बंदोबस्त. यातलं कुठलं आधी, हे देशादेशावर अवलंबून आहे. बाल्टिकमध्ये दुसरा मार्ग आधी आला, नियम मागून.

आता माझ्या रोजच्या कामातला भाग. तो रूक्ष वाटेल, पण बाजार बहुतेक वेळा इथेच अडखळतो.

एका राज्यसीमेजवळच्या हस्तांतरण ठिकाणी आमच्या मीटरमधून गेलेला गॅस आणि पलीकडच्या ग्राहक कंपनीच्या मीटरवर नोंदलेला गॅस यांत महिनाअखेरीला फरक पडायला लागला. आधी थोडा, मग कराराच्या मर्यादेबाहेर. तीन आठवडे पत्रापत्री चालली, शेवटी तर एकमेकांच्या सचोटीवर बोट ठेवण्यापर्यंत गोष्ट गेली. कारण सापडलं तेव्हा ते अगदी साधं होतं. गॅस ऊर्जेवर विकला जातो, एमएमबीटीयूवर. एक एमएमबीटीयू म्हणजे साधारण २,५२,००० किलोकॅलरी. पण मीटर मोजतो घनमीटर. घनमीटरची ऊर्जा करायला गॅसची घडण कळावी लागते, मिथेन किती, इथेन किती. कतारहून येणारा एलएनजी जड, ऊर्जा जास्त. अमेरिकेचा हलका, ऊर्जा कमी. पलीकडच्या संगणकात मागच्या जहाजाची घडण तशीच राहिली होती आणि पाइपमध्ये नव्या जहाजाचा गॅस वाहत होता. दोन्ही बाजूंची माणसं भारतीय, कायदा एक, न्यायालयं एक, तरी एवढा मनस्ताप झाला. हेच दोन देशांच्या सीमेवर घडलं असतं तर दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात 'शेजाऱ्याने गॅस चोरला' असा मथळा आला असता. म्हणून माझ्या यादीत मीटर वरच्या ओळीत असतो. बिलासाठी मीटर कुणाचा, पडताळणीचा कुणाचा, गॅसची घडण किती तासांनी तपासायची, तंटा झाला तर तिसरा तपासनीस कोण, हे पहिली वीट रचण्याआधी ठरलं पाहिजे.

अशा बारीकसारीक गोष्टी खूप आहेत. आपल्याकडे गॅसचा दिवस सकाळी ६ ते दुसऱ्या सकाळी ६. बांगलादेशचं घड्याळ अर्धा तास पुढे, नेपाळचं १५ मिनिटं. बांगलादेशात साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवार, आपली रविवार. मग उद्याच्या गॅसची मागणी शनिवारी कोण कळवणार आणि रविवारी कोण मंजूर करणार? आमचं आर्थिक वर्ष एप्रिलपासून, त्यांचं जुलैपासून, आणि वर्षाचे करार, वार्षिक किमान उचल, थकबाकी सगळं त्यावर बसतं. गळती कळावी म्हणून गॅसला वास लावतात, त्याचंही तसंच. फ्रान्समध्ये मोठ्या वाहिनीतच वास मिसळतात, जर्मनीत वितरणाच्या पातळीवर. एवढ्याशा फरकामुळे फ्रान्सचा गॅस जर्मनीला थेट घेता येत नव्हता. ऑक्टोबर २०२२ मध्ये, रशियाचा पुरवठा तुटल्यावर, तो पहिल्यांदा त्या दिशेने गेला. निकड आली तेव्हा मार्ग निघाला, पण तेव्हा फार महागात.

बाजार म्हणजे नेमकं काय, हे तुम्हाला कोल्हापुरातच पाहता येईल. शाहू मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात तेव्हा जाऊन उभे राहा. माझे आजोबा गूळ घेऊन यायचे, मी त्यांच्यासोबत लहानपणी गेले आहे. गुळाचा रवा, म्हणजे ढेप, कुठल्या गुऱ्हाळाची, कागलची की करवीरची, याने यार्डाच्या आत काही अडत नाही. आत आला की तो यार्डातला माल, प्रत पाहायची, बोली लावायची, दर सगळ्यांसमोर. युरोपातला गॅस बाजार याच धर्तीवर चालतो. नेदरलँड्समध्ये टीटीएफ नावाचा व्यवहाराचा ठिय्या २००३ पासून आहे. तिथे खरं तर कुठलीही जागा नाही, त्या देशाच्या वाहिन्यांच्या जाळ्यात कुठेही असलेला गॅस 'यार्डात आहे' असं मानायचं. आत येताना एका गेटवर आकार भरायचा, बाहेर पडताना दुसऱ्या गेटवर. मधल्या किलोमीटरांचा हिशोब नाही. त्यामुळे विकणारा आणि घेणारा एकमेकांना सहज सापडतात.

याची किंमतही आहे. जवळचा ग्राहक लांबच्याचा थोडा भार उचलतो. आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून एकत्रित वाहतूक दर आले, अंतराचे टप्पे ठेवून. गॅसच्या उगमाजवळच्या कारखानदाराला त्यात थोडं जास्त पडतं आणि कोल्हापूरसारख्या लांबच्या ठिकाणाला दिलासा मिळतो. देशाच्या आत हे पटवता येतं. दोन देशांमध्ये 'तुझा भार मी का उचलू' हा प्रश्न पहिल्याच बैठकीत येतो, आणि तो रास्तच आहे.

यार्डाची आणखी एक शिकवण म्हणजे वजनकाटा अडत्याचा नसावा. वाहतूक करणारी आणि गॅस विकणारी कंपनी एकच असली की बाहेरच्या विक्रेत्याला 'सध्या जागा नाही' हे उत्तर सहज देता येतं. युरोपने २००९ च्या कायद्याने ही दोन कामं वेगळी करायला लावली. आपल्याकडे नियामक मंडळ आहे, २०२० पासून गॅस एक्स्चेंज आहे, पण ही फारकत अजून पूर्ण झालेली नाही.

आणि माहिती. २०१९ च्या पुरात आपण कोल्हापूर-सांगलीकरांनी अलमट्टीतून किती विसर्ग चालला आहे हे कळावं म्हणून किती जीव टाकला होता, आठवा. नदी दोन राज्यांची, आकडे मात्र एकाच्या हातात असले की संशय पाण्याच्या आधी चढतो. युरोपात कुठल्या साठवणुकीत किती गॅस आहे, सीमेवरून किती वाहिला, हे रोज जाहीर होतं. शेजाऱ्यावर विश्वास ठेवा असं सांगण्यापेक्षा आकडे उघडे ठेवणं जास्त उपयोगी पडतं.

आता आपल्या भागाकडे वळू. 'चार देशांचा गॅस बाजार' असं तुम्ही म्हणता, पण गॅसच्या वाहिन्यांचं मोठं जाळं यातल्या दोघांकडेच आहे, भारत आणि बांगलादेश. नेपाळ आणि श्रीलंकेत स्वयंपाकाचा गॅस सिलिंडरमधून येतो, तो म्हणजे एलपीजी, वेगळाच पदार्थ. तेव्हा आज प्रामाणिकपणे बोलायचं तर प्रश्न दोन देशांचा आहे. पाकिस्तानचं जाळं जुनं आणि मोठं आहे, पण तुम्ही तो देश प्रश्नात घेतलेला नाही. तुर्कमेनिस्तानहून अफगाणिस्तान, पाकिस्तानमार्गे भारतात येणाऱ्या पाइपलाइनचा करार २०१० चा आणि २०१५ मध्ये कामाचा नारळ फुटला, तरी आपल्या सीमेपर्यंत काही आलेलं नाही. त्यावरून त्या वाटेची अवघडाई कळेल.

बांगलादेशशी एक संधी २००५ मध्ये येऊन गेली. म्यानमारचा गॅस बांगलादेशातून भारतात आणायचा होता. आपल्या जमिनीतून पाइपलाइन जाऊ देण्याच्या बदल्यात बांगलादेशने नेपाळ आणि भूतानची वीज भारतातून आपल्याकडे येऊ द्यावी, व्यापाराला वाट द्यावी, असं मागितलं. बोलणी फिसकटली, आणि २०१३ पासून तो गॅस चीनकडे वाहतो. लहान देशाच्या हातातही पत्ते असतात, हे यावरून दिसतं. आणि दुःख याचं वाटतं की जे तेव्हा नाकारलं ते आता घडतंय. नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॉट वीज भारताच्या तारांमधून बांगलादेशात पोचली. त्या मागणीला वीस वर्षं आधी हो म्हटलं असतं, तर आज कदाचित गॅसही एकत्र वाहत असता.

वीज आणि तेल यांत आपण शेजाऱ्यांसोबत बरंच पुढे गेलो आहोत. मोतिहारीहून नेपाळमधल्या अमलेखगंजपर्यंत ६९ किलोमीटरची तेलवाहिनी २०१९ पासून चालू आहे, सिलिगुडीहून बांगलादेशातल्या पार्बतीपूरला डिझेलची वाहिनी २०२३ मध्ये झाली. पण हे देणारा एक, घेणारा एक असे करार आहेत. त्यांतून मीटर, हिशोब, देखभाल यांचा सराव होतो आणि तो मोलाचा आहे. बाजार व्हायला दोन्हीकडे अनेक विकणारे आणि अनेक घेणारे लागतात.

अडचणी कुठे आहेत? एक, दोघांचाही घरचा गॅस पुरत नाही. भारत जवळपास निम्मा गॅस एलएनजीच्या रूपात आणतो, बांगलादेश २०१८ पासून महेशखालीच्या तरंगत्या टर्मिनलांवरून आणतो. म्हणजे टंचाई आली तर दोघांवर एकदम येणार. २०२२ मध्ये तेच झालं. युरोपने चढ्या दराने जहाजं ओढून घेतली, बांगलादेशने खुल्या बाजारातली खरेदी थांबवली आणि तिथे वीजकपात सुरू झाली. दोन, जमिनीखालची साठवणूक दोघांकडेही नाही, कणगीच नाही. तीन, घरगुती दर. ढाक्यातल्या असंख्य घरांना गॅस मीटरवर मिळत नाही, शेगडीमागे महिन्याला ठरावीक रक्कम भरायची. आपल्याकडेही घरगुती गॅस, सीएनजी आणि खतकारखाने यांना वेगळे नियम, वेगळे दर आहेत. मी ते चूक म्हणत नाही, गरीब घराची चूल पेटली पाहिजे. पण अर्जेंटिनाची गोष्ट आठवा आणि विचारा की हे दर कुणाच्या तिजोरीतून कमी ठेवले जातात, आणि ती तिजोरी आटली तर आधी कुणाचा व्हॉल्व्ह फिरेल.

शेजारी देशांचं सोडा, आपल्या दोन राज्यांचाही अजून एक बाजार नाही. दाभोळहून बेंगळुरूला जाणारी पाइपलाइन आपल्या जिल्ह्यातून जाते. नैसर्गिक वायू जीएसटीच्या बाहेर आहे, प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा. महाराष्ट्राने १ एप्रिल २०२२ पासून तो १३.५ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आणला तेव्हा शिरोलीच्या हीट ट्रीटमेंटवाल्यांनी सुटकेचा श्वास टाकला. तरी भरलेल्या व्हॅटचं क्रेडिट त्यांना त्यांच्या जीएसटीत मिळत नाहीच. एकाच वाहिनीतला गॅस, निपाणीच्या अलीकडे एका हिशोबाने, पलीकडे दुसऱ्या. दिल्लीत कुणी दक्षिण आशियाई बाजाराचं बोलू लागलं की मी म्हणते, आधी कागल आणि निपाणी यांचा एक बाजार करून दाखवा. दोन राज्यांतली भरपाई जमली, तर दोन देशांतली कशी मांडायची याचा अभ्यास तिथेच होईल.

माझ्यावर काम सोपवलं तर मी पूर्व किनाऱ्यापासून सुरू करीन. ओडिशात धामरा इथे २०२३ पासून एलएनजी टर्मिनल चालू आहे. तिथला गॅस पश्चिम बंगालमार्गे बांगलादेशच्या नैऋत्येला देता येईल, तिकडे त्यांच्या जाळ्याचं टोक येतं आणि टेलची टंचाई तिथेच जास्त. पाइपलाइन पहिल्या दिवसापासून दोन्ही दिशांना चालेल अशी बांधायची, म्हणजे आपल्या अडचणीत महेशखालीचाही गॅस इकडे येऊ शकेल. एकाच दिशेची वाहिनी बांधली की एक कायमचा देणारा आणि एक कायमचा मागणारा होतो, आणि दादागिरी तिथे जन्म घेते. बांगलादेशने आपली टर्मिनलं मात्र अजिबात बंद करू नयेत. ती त्यांची विहीर आहे, आणि भारताच्याही हिताची आहे, कारण ज्याला पर्याय आहे तोच मोकळ्या मनाने करार करतो. एक्स्चेंजवरचे सौदे सगळ्यात शेवटी. घेणारे-देणारे जमले की ते होतातच, आधी फळा टांगून माणसं जमत नाहीत.

तुमच्या प्रबंधासाठी एक काम सुचवते. टंचाईत गॅस आधी कुणाला द्यायचा याचे अग्रक्रम दोन्ही देशांत कुठल्या ना कुठल्या सरकारी आदेशांत आहेत: घरं, खत, वीज, वाहनं, उद्योग. दोन्ही याद्या एका कागदावर शेजारी-शेजारी मांडा. मग मध्ये तिसरा रकाना आखा: सीमेपलीकडचा पुरवठा यातल्या कुठल्या ओळीत बसतो? आज तो रकाना कोरा आहे. पलीकडचा दवाखाना आपल्या खतकारखान्याच्या वर की खाली, पलीकडचं वीजकेंद्र आपल्या शिरोलीच्या भट्टीच्या वर की खाली, एकेक ओळ विचार करून भरा आणि प्रत्येक ओळीपुढे मोबदला कसा ठरेल ते लिहा. भरून झाला की घेऊन या. त्याची कलमं कशी करायची ते मी तुमच्यासोबत बसून दाखवीन.